ओल आधी अडवावी, उष्मा नंतर : चंद्रपूर-गडचिरोलीतील घरांचा एक अभ्यास

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या खोऱ्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली हे वनप्रधान जिल्हे पसरले आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. परंतु हवामान, वनसंपदा आणि लोकजीवन या दृष्टींनी हा सारा प्रदेश आजही बऱ्याच अंशी एक आहे. येथील घराला दरवर्षी दोन कसोट्यांना उतरावे लागते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि काही वर्षी तो ४७ अंशही ओलांडतो. जूनच्या मध्यानंतर चित्र पालटते. पुढील चार महिने भिंती, जोते आणि छप्पर पावसात भिजत राहतात.

उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून जे उपाय योजले जातात, ते पावसाळ्यात ओल कोंडून ठेवणारे ठरू नयेत, हा येथील गृहबांधणीतील कळीचा प्रश्न आहे. कच्च्या घरांची जागा पक्की घरे झपाट्याने घेत असताना या प्रश्नाचा विचार अधिकच अगत्याचा झाला आहे. शासकीय साहाय्यातून उभे राहणारे घरकुल कुटुंबाला सामान्यतः एकदाच मिळते. त्याच्या भिंतींना पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरली, तर तिचे परिणाम त्या घरातील मुलांना व वृद्धांना वर्षानुवर्षे भोगावे लागतात.

जुन्या घराची रीत

बांबूच्या किंवा काठ्यांच्या कुडाला आतून-बाहेरून मातीचा लेप, वर कवेलूंचे उतरते छप्पर, भिंतीपासून बरीच पुढे आलेली वळचण आणि शेणामातीने सारवलेली जमीन, असे या भागातील परंपरागत घराचे स्वरूप आहे. या घरात ओल येत नाही असे नव्हे. परंतु आलेली ओल बाहेर पडण्यास त्यात वाट असते. मातीची भिंत हवेतील बाष्प शोषते आणि हवा कोरडी होताच ते परत सोडते. कवेलूंच्या फटींतून उष्ण हवा वर निघून जाते. चुलीच्या धुरामुळे छपराचे लाकूड कोरडे राहते व त्याला कीड कमी लागते. तथापि तोच धूर स्त्रियांच्या व बालकांच्या श्वसनाला अपायकारक असल्याने त्याचा पुरस्कार करता येत नाही.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे गांधीजी १९३६ मध्ये राहावयास आले. तेथील बापू कुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांचीच आहे व आजही ती पाहावयास मिळते. योग्य जोते, रुंद वळचण आणि दरवर्षीची डागडुजी यांची जोड मिळाली, तर मातीचे घर किती दीर्घकाळ टिकते याचे ते बोलके उदाहरण होय. मात्र ही डागडुजी श्रमाची आहे. कवेलू फेरणे, लेप देणे आणि सारवण करणे यांस मनुष्यबळ लागते, शिवाय माकडांचा उपद्रव असतोच. लोकांनी सिमेंटच्या घराला पसंती दिली, तीत नवल नाही. पण सिमेंटच्या घराचे नियम मातीच्या घराहून वेगळे आहेत आणि ते समजून घेणे आवश्यक आहे.

ओल येण्याचे चार मार्ग

घरात ओल चार मार्गांनी येते. पहिला मार्ग पावसाचा : छताची गळती, भिंतीवर आदळणारी झड आणि छपरावरून पडून जोत्यावर उडणारे पाणी. दुसरा मार्ग जमिनीचा. दिव्याच्या वातीतून तेल जसे वर चढते, तसे मातीतील पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी या भातपट्ट्यात पावसाळाभर बांध्या भरलेल्या असतात. तलाव व बोड्यांच्या आसपास भूजलाची पातळीही वर येते. तेथील घरांच्या भिंतींवर हात-दीड हात उंचीपर्यंत ओलीचा पट्टा आणि पांढरा लोणा दिसतो, तो याच कारणाने. वरोरा, भद्रावती, राजुरा भागातील काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. त्यामुळे जोत्याला तडे पडतात आणि पाण्याला आयतीच वाट मिळते.

तिसरा मार्ग हवेतील बाष्पाचा होय. २५ अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प धारण करू शकते. हवा १० अंशांपर्यंत निवाली की हे प्रमाण साडेनऊ ग्रॅमपर्यंत उतरते. उरलेल्या बाष्पाचे पाणी होते. डिसेंबरच्या पहाटे टिनाच्या पत्र्यांना आतून घाम सुटतो आणि त्याचे थेंब अंथरुणावर पडतात, त्यामागे हेच कारण असते. चौथा मार्ग बांधकामातच दडलेला आहे. विटा भिजविणे, गिलावा आणि पाणी मारणे यांतून नव्या घरात पुष्कळ पाणी मुरलेले असते. ते सुकण्यापूर्वी तैलरंग दिला, तर काही दिवसांतच त्याचे पापुद्रे निघू लागतात.

बुरशीला वाढण्यासाठी साचलेले पाणी लागत नाही. भिंतीच्या पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली, की धूळ, कागद, लाकूड, कापड किंवा रंग यांवर ती वाढू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी व दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असा निष्कर्ष त्यांत नमूद आहे.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी शाळेतील विद्यार्थ्यांनाही करता येईल. हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडील बाजूस पाणी दिसले, तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजू ओली झाली, तर ती हवेतील बाष्पाची आहे. पहिल्या प्रकारात जोते व छप्पर यांकडे, तर दुसऱ्यात वायुवीजनाकडे लक्ष द्यावे.

जोत्याचा बंदोबस्त

भोवतालच्या जमिनीपासून जोत्याची उंची किमान ४५ सेंटिमीटर असावी, असे राष्ट्रीय इमारत संहितेत सांगितले आहे. पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी ती याहून अधिक ठेवणे इष्ट. जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्यापूर्वी, जलरोधक द्रव्य मिसळलेल्या काँक्रीटचा अडीच ते चार सेंटिमीटर जाडीचा अखंड थर द्यावा. अभियंते यालाच डी.पी.सी. म्हणतात. जमिनीतून चढणारे पाणी येथे अडते. हा थर एकदा राहून गेला की पुढे भिंत कापल्यावाचून तो घालता येत नाही.

फरशीखाली मातीच्या भरावावर दहा ते पंधरा सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर असावा व त्यात बारीक माती नसावी. खडीमधील मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढू शकत नाही. खडीवर जाड प्लास्टिक अंथरून मग काँक्रीट करावे. घराभोवती निदान ७५ सेंटिमीटर रुंदीचा, बाहेर उतार दिलेला पट्टा करावा आणि न्हाणीचे पाणी जोत्यापासून दूर शोषखड्ड्यात न्यावे. वळचण ६० सेंटिमीटर किंवा अधिक पुढे असली, तर झडीचा मारा पुष्कळच कमी होतो.

मातीच्या जुन्या भिंतीला मजबुतीसाठी सिमेंटचा गिलावा देण्याची प्रथा पडत आहे. ती टाळावी. सिमेंटच्या कवचामुळे भिंतीतील ओल बाहेर पडू शकत नाही. ती आतल्या आत अधिक उंच चढते आणि कालांतराने गिलावा मातीसह सुटून येतो. अशा भिंतीला मातीचा किंवा चुन्याचा लेपच मानवतो.

उष्मारोधन कोठे करावे

थंड देशांत घरातील ऊब बाहेर जाऊ नये म्हणून भिंती, जमीन व तळघर यांना उष्णतारोधक आवरण घालतात आणि बाष्प अडविणारा पडदा भिंतीच्या आतल्या, उबदार बाजूस लावतात. ती पद्धत येथे जशीच्या तशी उचलणे हानिकारक ठरेल. येथे उष्मा बाहेरून, मुख्यतः छतातून येतो. उन्हाळ्यात पायाखालची जमीन हवेपेक्षा थंड असते व तिचा गारवा उपयोगाचाच असतो. म्हणून उष्मारोधनाचा पहिला खर्च छतावर करावा. वातानुकूलित खोलीत तर पावसाळ्यात बाष्प बाहेरून आत शिरू पाहते. तेथे बाष्परोधक पडदा बाहेरच्या बाजूस असावा लागतो. आतून प्लास्टिकचा पडदा लावल्यास त्याच्यामागे पाणी साचून बुरशी वाढते.

उष्णतारोधक पदार्थाचा गुण त्यात अडकलेल्या स्थिर हवेमुळे येतो. पाणी हे हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेते. साहजिकच भिजलेले आवरण निरुपयोगी होते, एवढेच नव्हे तर ते ओलीचे कोठार बनते. यावरून कामाचा क्रम ठरतो : आधी गळती बंद करावी, नंतर बांधकाम सुकू द्यावे आणि त्यानंतरच उष्मारोधक थर घालावा.

काँक्रीटच्या छतावर विटांच्या तुकड्यांचा व चुना-सिमेंटचा कोबा पुरेसा उतार देऊन करावा. दोन-तीन दिवस पाणी साठवून गळतीची परीक्षा घ्यावी आणि वर पांढरा चुना किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत. टिनाच्या छपराखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे छत करावे व वरच्या पोकळीला वळचणीशी आणि आढ्याशी हवेची वाट ठेवावी. त्यामुळे उन्हाळ्यात तापलेली हवा निघून जाते आणि हिवाळ्यात पत्र्याला सुटलेला घाम सुकतो. वापरावयाचा बांबू बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरविलेला असल्यास किडीपासून बराच काळ सुरक्षित राहतो. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. या कामी स्थानिक कारागिरांना तेथील प्रशिक्षणाचा लाभ घेता येईल.

तळघरासंबंधी

खेड्यांतील घरांना सहसा तळघर नसते. शहरांतील दुकाने, दवाखाने व कार्यालये यांना मात्र ते बांधले जाते. तळघराची भिंत चारही बाजूंनी ओल्या मातीत असते. तिचे जलरोधन बाहेरच्या बाजूने, माती भरण्यापूर्वीच झाले पाहिजे. पायालगत खडीत छिद्रांची नळी टाकून पाणी एका कुंडीत घ्यावे व तेथून उपसावे. आतून लावलेल्या लाकडी तक्तपोशीने डाग झाकले जातात. ओल मात्र कायम राहते. कपाटे भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत आणि औषधे, दप्तर व मतदार याद्या यांसारख्या वस्तू पावसाळ्यात शक्यतो तळघरात ठेवू नयेत.

पुरानंतरचे घर

भामरागड हे गाव पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती यांच्या संगमाजवळ वसले असून पुरामुळे पावसाळ्यात त्याचा संपर्क वारंवार तुटतो. पूर ओसरल्यावर घर लवकर पूर्ववत करण्याची घाई समजण्यासारखी आहे. तरीही पाण्यात राहिलेली भिंत लगेच रंगवू नये. प्रथम गाळ धुऊन काढावा, सुटलेला गिलावा खरवडावा आणि उघडीप मिळताच दारे-खिडक्या उघडून भिंती सुकू द्याव्यात. भिजलेल्या गाद्या, पुठ्ठे व तक्तपोशी बाहेर काढाव्यात. बुरशी कोरडी झाडू नये. तसे केल्याने तिचे बीजकण घरभर पसरतात. नाकातोंडाला कापड बांधून ती साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी. ब्लीचिंग पावडर वापरल्यास तिच्यात आम्ल कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

शाळेतील पोषण आहाराच्या कोठीलाही हेच नियम लागू आहेत. तांदळाची पोती फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर रचावीत. काही बुरशींची विषद्रव्ये शिजविल्यानेही पुरती नष्ट होत नाहीत. त्यामुळे बुरशी आलेले धान्य धुऊन वापरणे सुरक्षित नाही.

पंचायतींचे कार्य

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून राबविली जात असून तीत घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरविले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानात राज्यातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड या आदिम जमातींच्या घरांचा समावेश आहे. यांपैकी कोलाम वस्त्या चंद्रपूरच्या जिवती, कोरपना, राजुरा भागांत, तर माडिया गावे गडचिरोलीच्या भामरागड व एटापल्ली भागांत आहेत.

लहान घरात निजणे, स्वयंपाक आणि धान्यसाठा एकाच छताखाली असल्याने बाष्प लवकर साचते. समोरासमोर दोन खिडक्या आणि चुलीच्या वर हवेची वाट एवढी तरतूद केली, तरी मोठा फरक पडतो. घरकुलाच्या कामाची छायाचित्रे टप्प्याटप्प्याने घेतली जातात. जोत्याच्या टप्प्यावर ग्रामपंचायत सदस्यांनी अभियंत्यासह प्रत्यक्ष जागेवर जाऊन चार गोष्टी पाहाव्यात : जोत्याची उंची, फरशीखालील खडी, डी.पी.सी.चा अखंड थर आणि पाण्याचा उतार. या चारही गोष्टी भिंत उभी राहिल्यावर सुधारणे अवघड असते. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पहिल्या पावसानंतर एकदा गावातील घरकुले, अंगणवाडी व शाळा यांची अशी पाहणी झाली, तर पुढील दुरुस्तीचा पुष्कळसा खर्च वाचेल आणि मुलांना कोरड्या जागी निजता व शिकता येईल.