*बचत खात्याचं व्याज : आता दहा तारखेची वाट बघू नका*



गुलटेकडी मार्केट यार्डात कांद्याची पट्टी झाली की ऑफिसात एक फोन हमखास येतो : "पैसे दहा तारखेच्या आत टाका, नाहीतर महिन्याचं व्याज बुडतं." काही जण तर महिना संपेपर्यंत मजुरी आणि खताचं बिल थांबवून ठेवतात. बँकेच्या खात्यासाठी आता याची गरज नाही. का, ते आज बघू.

*आधी काय होतं?*
पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळायचं. ११ तारखेला लाख रुपये भरले तरी त्या महिन्यात त्यावर काही नाही. २९ तारखेला पैसे काढले तरी तेच. खातेवह्या हाताने लिहायच्या काळातला तो हिशेब होता.

*आता काय आहे?*
रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून बँकांना रोजच्या शिलकीवर व्याज द्यायला लावलं. रोज बँकेचा दिवस बंद होताना खात्यात जी रक्कम असते, त्यावर त्या दिवसाचं व्याज धरलं जातं. रविवार आणि सुट्टीचा दिवसही यात मोजतात. मात्र हे व्याज रोज जमा होत नाही. बहुतेक बँका ते दर तीन महिन्यांनी खात्यात टाकतात.

*उदाहरण घेऊ.* दर २.५ टक्के, महिना ३० दिवसांचा.
१ ते ११ तारीख : शिल्लक ४,००० रुपये (११ दिवस)
१२ तारखेला कांद्याचे १,८०,००० आले. १२ ते २४ : शिल्लक १,८४,००० (१३ दिवस)
२५ तारखेला १,५०,००० काढले. २५ ते ३० : शिल्लक ३४,००० (६ दिवस)

रक्कम गुणिले दिवस करून बेरीज केली तर येते २६,४०,०००. त्याला २.५ ने गुणा, १०० ने भागा, मग ३६५ ने भागा. व्याज झालं सुमारे १८१ रुपये. जुन्या पद्धतीने याच दराने फक्त ४,००० वर, म्हणजे ८ रुपये ३३ पैसे मिळाले असते.

*मग लक्षात काय ठेवायचं?*

१) पैसे सकाळी आले आणि संध्याकाळी गेले, तर त्या दिवसाचं त्यावर व्याज नाही. दिवसअखेरची शिल्लकच धरतात.

२) चेक बँकेत टाकला त्या दिवसापासून व्याज सुरू होत नाही. रक्कम खात्यात जमा झाली की सुरू होतं. म्हणून पट्टीचे पैसे थेट खात्यात घेणं बरं.

३) १०,००० रुपयांची मजुरी सहा दिवस थांबवली तर व्याज मिळतं ४ रुपये ११ पैसे. तेवढ्यासाठी कुणाचा घामाचा पैसा अडवू नका.

४) *पोस्टाचं बचत खातं वेगळं आहे.* तिथे १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिलकीचाच नियम अजून चालतो. पोस्टात भरायचे असतील तर १० च्या आधी भरा, आणि काढायचे असतील तर शक्यतो महिना संपल्यावर काढा. पतसंस्थेत खातं असेल तर तिचा नियम तिथेच विचारा.

५) *सगळ्यात महत्त्वाचं : कर्जाचं व्याजही दिवसावर चढतं.* एक लाख रुपये बचत खात्यात २.५ टक्क्यांनी पडून असले तर दिवसाला ६ रुपये ८५ पैसे मिळतात. त्याच वेळी तुमच्या डोक्यावर ९ टक्क्यांचं एक लाखाचं सोनेतारण असेल, तर दिवसाला २४ रुपये ६६ पैसे चढतात. म्हणजे रोज जवळपास १८ रुपयांचा तोटा. घरखर्च आणि पुढच्या पेरणीपुरतं बाजूला ठेवून उरलेले पैसे कर्जात भरा. मुदतीआधी भरायला काही शुल्क आहे का, ते आधी बँकेत विचारून घ्या. पीककर्जाची तारीख मात्र अजिबात चुकवू नका. वेळेत फेडलं तरच व्याजाची सवलत मिळते.

आज एवढं करा : पासबुक भरून आणा आणि मागच्या तिमाहीची व्याजाची नोंद शोधा. वरच्या पद्धतीने स्वतः आकडा काढून बघा. फार फरक आला तर शाखेत विचारा, तो तुमचा हक्क आहे. हिशेब जमत नसेल तर पासबुक घेऊन कंपनीच्या ऑफिसात या, सोबत बसून करू.

व्याजाच्या नावाने कुणी फोन करून ओटीपी किंवा पिन मागितला तर देऊ नका. कंपनीही तो कधीच मागत नाही.

हा मेसेज घरातल्या मंडळींनाही वाचून दाखवा.