परतीच्या बोटीचे कानमंत्र

भाचीबाई, मुंबईला प्रवासी सोडून रिकामी पुण्याला निघालेली टॅक्सी आपण कशी कमी भाड्यात पटवतो? समुद्रावरही तसंच चालतं. उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरलेली मोठी क्रूझ जहाजं ऑक्टोबर-नोव्हेंबरात अटलांटिक ओलांडून फ्लोरिडाला जातात आणि एप्रिल-मेमध्ये उलटी येतात. जहाज न्यायचं तर असतंच, पण सहा-सात दिवस नुसतं पाणी बघायला गिऱ्हाईक येत नाही. तिथे आपण घुसायचं.

१. आधी विमान बघ, मग बोट — ही सफर एकतर्फी असते. मी उलटं केलं आणि बोटीत वाचवलेलं सगळं येतानाच्या विमानाला घातलं; तेव्हापासून म्हणते, 'बोट स्वस्त, उतार महाग'. मुंबई ते बार्सिलोना आणि मायामी ते मुंबई असं एकच मल्टी-सिटी तिकीट विचार — सुटी दोन तिकिटं बहुधा जास्त पडतात.

२. शेंगेन आणि अमेरिका, दोन्ही व्हिसा हातात आल्याशिवाय पैसे भरू नकोस — अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख आपल्या सोयीने मिळत नाही.

३. जमलं तर पश्चिमेकडे जाणारी बोट घे — बार्सिलोना-मायामीतला 6 तासांचा फरक वाटेत एकेका रात्री तास-तास करून पदरात पडतो, म्हणजे पंचवीस तासांचे दिवस. उलट येताना तेच तास झोपेतून कापले जातात. मी दोन्ही केलंय. येताना नाश्त्याला रोज उशीर.

४. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर माग — तिथे झोके कमी. 'गॅरंटी' केबिन स्वस्त मिळते, पण जागा कंपनी ठरवते. तुला बोट लागत असेल तर तो मोह नको.

५. एकटी निघालीस तर दोघांचं भाडं विचारून ठेव — बऱ्याचदा एकटीलाही जवळपास तेवढंच लावतात. मैत्रीण पटव, घोरणारी असली तरी परवडते.

६. टिप माणशी रोज लागते, ती आधीच हिशोबात धर. आणि फोन विमान मोडवर टाक — भर समुद्रात तो जहाजाचं महागडं नेटवर्क पकडतो. आपल्या घरच्या ग्रुपवरची सकाळची फुलं मला फार महागात पडली, कुणी पाठवली ते सांगत नाही.

७. शेवटचा हप्ता भरायच्या आदल्या आठवड्यात भाडं पुन्हा बघ — उतरलं असेल तर तोवर विचारता येतं, नंतर कुणी दाद देत नाही.

८. मदेइरा किंवा अझोर्ससाठी म्हणून तिकीट काढू नकोस — हवा बिघडली की कप्तान बंदर सरळ गाळतो, आणि अटलांटिकचा वादळी हंगाम 30 नोव्हेंबरपर्यंत धरतात.

९. शाकाहारी जेवण बुकिंग करतानाच लिहून कळव.

१०. हाताला काम ने — माझा स्वेटर भर अटलांटिकवर पुरा झाला. एक बाही लांब झाली, ती त्या जास्तीच्या तासांची.