एकाच खोलीत फरशी गार आणि पाट उबदार का?

प्रश्न : आमच्या घरात शहाबादी फरशी आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पूजेला बसताना फरशीवर पाय ठेववत नाही. पण रात्रभर तिथेच असलेल्या लाकडी पाटावर बसलं की गार लागत नाही. आई म्हणते, दगडात थंडी भरते. हे खरं आहे का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : निफाडच्या थंडीत हा प्रश्न रोज पहाटे तळपायालाच पडत असणार! तर आधी निकाल सांगतो. फरशी पाटापेक्षा थंड नसते. रात्रभर एकाच हवेत राहिलेल्या वस्तूंचं तापमान जवळपास सारखं होतं. घर तळमजल्यावर असेल, तर खालच्या जमिनीमुळे फरशी पहाटेच्या हवेपेक्षा किंचित उबदारसुद्धा असू शकते.

मग पायाला एवढा फरक का जाणवतो? आपल्या त्वचेला कळतं ते त्वचेचंच तापमान. ते साधारण 32 अंश सेल्सिअस धरू. फरशी 14 अंशांवर असेल, तर पाय टेकताच उष्णता पायातून फरशीकडे जाऊ लागते. दगड ती पटकन आत ओढून घेतो आणि पुढची घ्यायला लगेच तयार असतो. त्यामुळे जिथे पाय टेकला, तिथलं तापमान काही क्षणांतच 20-21 अंशांपर्यंत उतरतं. लाकडाचं तसं होत नाही. पाटाचा वरचा पातळ थर तेवढा पायाच्या उबेने तापतो आणि ती उष्णता तिथेच अडून राहते, कारण लाकडातून ती पुढे फार हळू सरकते. पाटही 14 अंशांवरच असतो. पण पायाखाली मात्र 27-28 अंश टिकतात. हे आकडे ढोबळ आहेत, पण गार आणि उबदार यांतला फरक इतका मोठा का वाटतो, ते त्यांतून कळतं.

म्हणजे दगडात थंडी भरत नाही, तुमच्या पायातली उष्णता दगडात जाते. खात्री करायची असेल तर बर्फाचे दोन सारखे खडे घ्या. एक स्टीलच्या ताटात ठेवा, एक लाकडी पोळपाटावर. हाताला ताट गार लागतं, म्हणून तिथला बर्फ जास्त टिकेल असं वाटतं. होतं उलट. ताटातला खडा आधी वितळतो, कारण ताट बर्फाला भराभर उष्णता पोचवतं. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा. पुस्तकात सुवाहक आणि दुर्वाहक पाठ केलेल्या मुलांचाही अंदाज इथे पुष्कळदा चुकतो.

धातू उष्णता इतक्या चपळाईने वाहून नेतात याचं कारण त्यांच्यातले मोकळे इलेक्ट्रॉन. वीजही तेच वाहून नेतात, म्हणून विजेचे उत्तम वाहक बहुधा उष्णतेचेही उत्तम वाहक असतात. पण सगळे धातू सारखे नाहीत. तांबं लोखंडाच्या साधारण पाचपट उष्णता वाहून नेतं. स्टेनलेस स्टील मात्र लोखंडाच्या पाचव्या हिश्श्याइतकीच नेतं, कारण त्यात मिसळलेले क्रोमियम आणि निकेल इलेक्ट्रॉनच्या वाटेत येतात. स्टीलच्या पातळ पातेल्यात दूध तळाशी नेमकं ज्योतीच्या वरच लागतं ते यामुळे : उष्णता बाजूला पसरत नाही, एकाच जागी साचते. अशा भांड्यांच्या बुडाला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा थर देतात तो उष्णता पसरावी म्हणून. माझं मत विचाराल तर दूध तापवायला जाड बुडाचंच पातेलं घ्यावं.

उष्णता वाहून नेणं वेगळं आणि साठवणं वेगळं, हेही इथेच सांगायला हवं, कारण या दोन गोष्टींची गल्लत फार होते. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, तितकीच उष्णता एक किलो लोखंडाला दिली तर ते जवळजवळ नऊ अंशांनी तापेल. एक किलो पदार्थ एका अंशाने तापायला किती उष्णता लागते, या गुणाला विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. स्कॉटलंडमधले शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी 1760 च्या सुमारास उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे स्पष्ट केलं, ते अशाच निरीक्षणांतून. पाण्याच्या साधारण निम्मी उष्णता तेलाला पुरते, म्हणून फोडणीचं तेल पाहता पाहता तापतं. किती उष्णता साठेल हे वस्तूच्या वजनावरही ठरतं. पातळ पत्र्याच्या छपराला साठवायला जागाच नाही. ऊन आलं की ते तापतं आणि सूर्य मावळला की लवकर निवतं. जुन्या वाड्याच्या अर्ध्या मीटर जाडीच्या दगडी भिंतीतून दुपारची उष्णता आत यायला दहा-बारा तास लागतात, आणि आली तरी फारच क्षीण झालेली असते.

आता पुन्हा फरशी-पाटाकडे येऊ. उन्हाळ्यात तुमच्याच घरात हा गार-उबदारचा खेळ उलटेल. खोलीतली हवा 33 अंशांच्या आसपास, म्हणजे जवळपास त्वचेइतकीच असेल, तेव्हा स्टीलचा तांब्या आणि लाकडी पाट हाताला सारखेच लागतील. खोली 40 अंशांच्या पुढे गेली, तर तोच तांब्या पाटापेक्षा गरम लागेल.

राहिली तुमच्या आईंची गोष्ट. कारण वेगळं असलं, तरी पाट घेऊन बसण्याची त्यांची रीत अगदी बरोबर आहे. पाटासमोर पाय टेकायच्या जागीही एक सतरंजी किंवा घडी घातलेली गोधडी टाका. तिच्या थरांमध्ये हवा अडकलेली असते आणि साठून राहिलेली हवा लाकडापेक्षाही कमी उष्णता वाहून नेते.