स्थूल स्त्रियांचे हृदय

स्त्री स्थूल झाली म्हणजे ती सुखात आहे, असे पुष्कळ घरांत समजतात. शिवाय हृदयविकार हा पुरुषांचा रोग, अशीही समजूत आहे. ह्या दोन्ही समजुती भगिनींच्या जिवावर बेततात. म्हणून ह्या पाठात आपण तीन गोष्टींचा विचार करू.

1. भार कसा पडतो? शरीर वाढले की त्यास रक्त अधिक लागते, व ते पुरविता पुरविता हृदयाच्या भिंती जाड व ताठर होतात. पोटातील चरबीने रक्ताचा दाब व साखरही वाढते. भारतीय स्त्रीची कंबर 80 सेंटिमीटरांहून अधिक भरली, तर ती धोक्याची सूचना समजावी. ऋतु बंद झाल्यावर चरबी पोटाकडे अधिक साठते. ह्यास्तव प्रौढ स्त्रियांनी विशेष जपावे.

2. वजन उतरल्याने काय होते? 80 किलो वजनाच्या स्त्रीचे 4 ते 8 किलो उतरले, तरी दाब व साखर बहुधा सुधारते. तथापि सत्य झाकू नये. अमेरिकेत 2001 साली 5,145 स्थूल मधुमेही स्त्रीपुरुषांची पाहणी आरंभिली. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. मिताहार व व्यायाम करणाऱ्यांचे वजन उतरले, अंगी शक्ति आली. परंतु हृदयविकाराचे झटके इतरांपेक्षा फारसे कमी झाले नाहीत. उलट स्वीडन देशात 1987 साली आरंभिलेल्या पाहणीत, जठरावर शस्त्रक्रिया करून ज्यांचे वजन पुष्कळ उतरले, त्यांत असे मृत्यु कमी आढळले. त्यांतही बहुतेक स्त्रियाच होत्या. तेव्हा थोड्या उताराने हृदयाचा भार हलका होतो, पण झटका टळेलच असे वचन कोणी देऊ नये, व दाबाचे औषध आपल्या मनाने सोडू नये.

3. उपाय कोणता? उपासमार नव्हे. भाकरी, डाळ व भाजी पोटभर खावी. तेल, साखर व गोड चहा आवरावा. पुष्कळ माता सर्वांच्या मागून जेवतात, आणि उरलेले टाकवत नाही म्हणून तेही खातात. हे ओझे घरच्यांनी वाटून घ्यावे. रोज अर्धा तास झपझप चालावे.

चालताना धाप, विलक्षण थकवा, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ, ही स्त्रियांतील हृदयविकाराची चिन्हे असू शकतात. अशा वेळी घरगुती काढ्यात वेळ न दवडता तत्काळ दवाखाना गाठावा.

प्रश्न : कंबर का मोजावी? वजन उतरले तरी औषध का सोडू नये? आपल्या घरी सर्वांच्या मागून कोण जेवते?