पिर्गाहून परतलेला तरुण

(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १३:१–१३, १५:३६–४१, कलस्सै ४:१०, २ तीमथ्य ४:११)

या महिन्याचा पाठ एका तरुणाच्या पहिल्या सुवार्ताफेरीविषयी आहे. ही फेरी त्याने अर्ध्यावर सोडली. हा पाठ मी का निवडला, याचे कारण आमच्या मंडळीत आहे. ते पुढे सांगतो.

योहान मार्क हा यरुशलेमेतील चांगल्या घरचा मुलगा. त्याच्या आईच्या, म्हणजे मरीयेच्या घरी मंडळी प्रार्थनेस जमत असे. तुरुंगातून सुटलेल्या पेत्राने दार ठोठावले ते याच घराचे. मोठमोठे सेवक त्याच्या डोळ्यांसमोर येत-जात होते. बर्णबा तर त्याचा नातलगच. बर्णबा व शौल यरुशलेमेहून अंत्युखियास परतले तेव्हा त्यांनी या मुलाला बरोबर घेतले.

अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून ज्यांच्यावर हात ठेवले ते दोघेच, बर्णबा आणि शौल. मार्काचे नाव तेथे नाही. तिघे सलूकियाच्या बंदरातून कुप्रास गेले, सलमीस गावी सभास्थानांतून वचन सांगू लागले, आणि मग लूक जाता जाता म्हणतो की योहानही त्यांच्याबरोबर मदतीस होता. मूळ ग्रीक शब्द ‘हुपेरेतेस’. नासरेथच्या सभास्थानात येशूने ज्याच्या हाती ग्रंथ परत दिला त्या सेवकालाही लूक हाच शब्द लावतो. म्हणजे आणणारा, ठेवणारा, हाताशी असणारा. उपदेशक नव्हे.

कुप्र बेट बर्णबाचे जन्मस्थान. तेथे ओळखीपाळखी असणार, भाषेची अडचण नव्हती. सलमीसपासून पफेपर्यंत सारे बेट त्यांनी ओलांडले. हा रस्ता दीडशे किलोमीटरांहून अधिक भरतो. पफे येथे सुभेदार सर्ग्य पौल याच्यासमोर अलीम जादूगाराशी सामना झाला, जादूगार आंधळा झाला, सुभेदाराने विश्वास ठेवला. पहिल्याच फेरीत एवढे पाहावयास मिळालेला तरुण विरळा! आणि नेमके यानंतर, पंफुल्यातील पिर्गा येथे उतरताच, मार्क त्यांना सोडून यरुशलेमेस परत गेला.

का गेला? शास्त्र सांगत नाही. पुढची वाट टॉरस पर्वतातून चढत पिसिदियातील अंत्युखियास जाणारी, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच. चोर-लुटारूंची भीती वेगळीच. कोणी म्हणतात, कुप्रापर्यंतचेच ठरले होते. कोणी म्हणतात, आतापर्यंत बर्णबाचे नाव पुढे असे, पफेनंतर पौलाचे पुढे आले, ते त्याला रुचले नाही. सर विल्यम रॅमसे यांचा तर्क असा की पिर्गाच्या सखल मुलखात पौलाला हिवताप जडला आणि बेत बदलून डोंगराकडे जाणे भाग पडले. हे सारे तर्कच. मला एवढेच दिसते की जो जाणत होता त्याला कोणी विचारल्याची नोंद नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. मागील वर्षी आमच्या तरुण संघातील एक मुलगा नेपाळात दोन आठवड्यांच्या फेरीस गेला. वय एकवीस, आयुष्यात प्रथमच देशाबाहेर. आम्ही विशेष अर्पण गोळा केले, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, स्टेशनावर हार घातले. इंदूरहून गोरखपूर, तेथून बसने सोनौली. हिंदी माणसाला सरहद्द ओलांडण्यास व्हिसा लागत नाही, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यात जावे तसे सारे वाटले. सहाव्या दिवशी मुलगा एकटाच घरी परत आला. तब्येत बरी नव्हती, एवढेच त्याने सांगितले.

त्यानंतरच्या रविवारी उपदेश माझ्याकडे होता. नांगराला हात घालून मागे पाहणाऱ्याविषयी मी बोललो. नाव घेतले नाही. पण कोणाविषयी बोलतो आहे हे शेवटच्या बाकापर्यंत सर्वांना कळले, आणि कळावे हाच माझा हेतू होता. त्या रविवारपासून तो मंदिरात आला नाही.

मी नेपाळविषयी वाचावयास घेतले ते यानंतर. आधी वाचावयास हवे होते. त्या देशाच्या २०१५ च्या राज्यघटनेतील कलम २६ प्रमाणे दुसऱ्याचे धर्मांतर करविण्यास मनाई आहे. २०१८ च्या ऑगस्टपासून लागू असलेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व दंड आहे, आणि परदेशी माणूस असल्यास शिक्षेनंतर देशाबाहेर रवानगी. तेथील मंडळीही बाहेरच्यांच्या दोन आठवड्यांच्या फेऱ्यांनी उभी राहिलेली नाही. १९१४ साली नेपाळी भाषेत संपूर्ण पवित्र शास्त्र छापले गेले. त्यासाठी दार्जिलिंगचे गंगाप्रसाद प्रधान यांनी वर्षानुवर्षे खपून भाषांतर केले. पण त्यांना स्वतःला त्या देशात राहू दिले गेले नाही. १९५४ साली युनायटेड मिशन टु नेपाळ सुरू झाले ते दवाखाने व शाळा यांच्या सेवेसाठी, धर्मप्रसार न करण्याच्या अटीवर. पुढे साक्ष दिली ती नेपाळी माणसांनी, कैद सोसून. २०२१ च्या शिरगणतीत ख्रिस्ती लोक शेकडा पावणेदोनच्या आसपास आहेत. अशा ठिकाणी आपला तरुण जातो तो पाहुणा म्हणून. त्याने तेथील वडिलांना विचारावे, शनिवारच्या आराधनेत मागे बसून ऐकावे, भांडी घासावीत, पाणी भरावे. हुपेरेतेस हा शब्द मला येथे फार मोलाचा वाटतो.

पुढे शास्त्रात काय झाले? दुसऱ्या फेरीच्या वेळी बर्णबा म्हणाला मार्काला घेऊ, पौल म्हणाला नको. परत जाण्याविषयी १३ व्या अध्यायात लूक साधा शब्द वापरतो, निघून गेला एवढाच. १५ व्या अध्यायात पौलाची बाजू सांगताना मात्र शब्द कडक आहे, साथ सोडून फितूर झाल्यासारखा. दोघांत इतका वाद पेटला की जिवाभावाचे सोबती वेगळे झाले. पौलाची अडचण मी समजू शकतो. डोंगरात भरवशाचा माणूस लागतो. परंतु बर्णबाने मार्काला नेले कोठे? कुप्रास, ज्या भागात तो पूर्वी टिकला होता तेथेच! पुढे सुमारे बारा वर्षांनी पौल कैदेतून कलस्सैकरांना लिहितो की मार्क आला तर त्याचा स्वीकार करा; आणि अखेरच्या पत्रात, तो सेवेसाठी उपयोगी आहे, त्याला घेऊन ये, असे तीमथ्याला कळवितो. पौलाने आपले मत बदलले, आणि ते लिहून ठेवले. मी व्यासपीठावरून बोललो होतो. म्हणून घरी गुपचूप क्षमा मागणे मला पुरेसे वाटले नाही.

तरी आधी त्याच्या घरीच गेलो. आईने चहा ठेवला. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, तिसऱ्या दिवशी मला बाजारात पत्रके वाटायला उभे केले. तिथले एक म्हातारे वडील हात जोडून सांगत होते, बाळा, तू उद्या जाशील, पोलीस आमच्या दारी येतील. आमचे पुढारी म्हणाले, घाबरू नकोस. मी कोणाचे ऐकायचे होते?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. “हे तू तेव्हाच का नाही सांगितलेस?” असे मी विचारले, आणि विचारताच वाईट वाटले.

“तुम्ही विचारले कुठे?” तो म्हणाला.

पुढच्या रविवारी मी मंडळीसमोर उभा राहून माझे शब्द मागे घेतले. तो त्या दिवशीही आला नव्हता. आई आली होती. आता महिन्यातून एखाद्या वेळी येतो, मागच्या दाराजवळ बसतो. येत्या थंडीत तिघे जण पुन्हा जाणार आहेत, या खेपेस तेथील मंडळीने स्वतः लिहून बोलाविल्यावर आणि त्यांच्या छताच्या दुरुस्तीच्या कामासाठी. चौथी जागा मी यादीत कोरी ठेवली आहे. त्याने अजून हो म्हटलेले नाही.