सलाईनने न जाणारा थकवा

"डॉक्टर, अंगात त्राण नाही, एक सलाईन लावा," असे म्हणत शिक्षक, कारकून, अंगणवाडी सेविका माझ्याकडे येतात. मी आधी हिमोग्लोबिन, साखर व थायरॉईड तपासतो. ते ठीक असेल तर तीन प्रश्न विचारतो. रविवारच्या विश्रांतीनंतरही सोमवारी शीण तसाच असतो का? आवडीच्या कामाचा तिटकारा आला आहे का? आपल्या हातून काही धड होत नाही, असे वाटते का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या साचलेल्या ताणाची हीच तीन लक्षणे सांगितली. ती याला आजार मानत नाही. ताण कामातून आलेला असल्याने सलाईन किंवा टॉनिकने तो उतरत नाही. भारच कमी करावा लागतो. वरिष्ठांशी बोलून एखादे काम वाटून घ्या. घरी कामाचे फोन बंद ठेवा. सात तास झोपा, रोज अर्धा तास चाला. घरच्या बाईच्या कामातही इतरांनी हातभार लावावा.

उदासी दोन आठवडे टिकली तर नैराश्याची तपासणी करून घ्या. जीव नकोसा वाटल्यास मात्र एक दिवसही थांबू नका. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.