मुलांसह अंटार्क्टिकाची सफर

प्रश्न : आठ-दहा वर्षांच्या मुलांना घेऊन अंटार्क्टिकाला जहाजाने जाता येते का?

उत्तर : येते. बहुतेक सफरी अर्जेंटिनाच्या उशुआइया बंदरातून नोव्हेंबर ते मार्च या काळात निघतात आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पापर्यंत जातात. भारताची मैत्री व भारती ही संशोधन केंद्रे या मार्गावर नाहीत. ती खंडाच्या पार दुसऱ्या बाजूला आहेत.

खरी परीक्षा थंडीची नसते. उन्हाळ्यात तेथील किनाऱ्यावर तापमान शून्याच्या आसपास असते. मनालीचा हिवाळा पाहिलेल्यांना ते नवे नाही. त्रास होतो तो ड्रेक सामुद्रधुनीचा. जमिनीचा अडसर नसलेले वारे तेथे मोठ्या लाटा उठवतात आणि ती ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात. बोट लागण्यावरील औषधाची मुलांची मात्रा बालरोगतज्ज्ञांकडून निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावी.

पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांतून किनाऱ्यावर उतरता येत नाही. लहान जहाजांतूनही एका ठिकाणी एका वेळी शंभरच जण, तेही रबरी बोटीतून, उतरतात. पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहावे लागते; पेंग्विन स्वतःहून जवळ आला तर गोष्ट वेगळी!

किमान वयाची अट प्रत्येक कंपनी आपापली ठरवते, शिवाय रबरी बोटीसाठी ती वेगळी असू शकते. जवळपास रुग्णालय नसते. त्यामुळे आणीबाणीत रुग्णाला हलवण्याचा खर्च देणारा विमा नसेल, तर मुलांना नेऊ नये.